आखूड पायाचा स्टॉपर

१ जानेवारी

पतसंस्थेची डायरी फुकट आली. वाया कशाला घालवायची? रोज लिहिणार. रोज म्हणजे जमेल तसं.

नव्या वर्षाचा संकल्प : शांतता. सबंध सीझनमध्ये एकही रेड कार्ड नाही. मारामारी बंद. शिव्या बंद. माझ्या छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे फोटो सतरा वेळा बदलतं तेव्हा दिलेली शिवी धरायची नाही, तो धंद्याचा भाग आहे.

काल आमच्या फुटबॉल टीमच्या, म्हणजे रणझुंजार तालमीच्या मीटिंगमध्ये कोच शिवकुमार सर सगळ्यांसमोर म्हणाले, अमरसिंह, तू स्टॉपर चांगला हाईस, पर तुझ्यामुळं आपण कायम धा जणच खेळतोय की रं. म्हणजे माझ्या एकट्याच्या जाण्यानं टीमला केवढा फरक पडतो ते त्यांना कळतं. बरं वाटलं. स्टॉपर हा गोलकीपरच्या आधीचा शेवटचा माणूस. तिथे मऊ माणूस चालत नाही.

बायकोनेही एक संकल्प करून घेतला. प्रियदर्शनीचा धाकटा भाऊ सम्राट पलीकडच्या पेठेतल्या नवज्योतकडून विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळतो. माझ्या भावाच्या अंगाला हात लावायचा न्हाय, म्हणाली. ताबडतोब कबूल केलं. फुटबॉलमध्ये हात लावायचाच नसतो.

५ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिस. संकल्प उत्तम चालू आहे. गोलकीपर संगमेशच्या फक्त एक कानाखाली वाजवली. तो आपल्याच टीमचा, त्यामुळे ती मारामारीत येत नाही. दात हलतोय म्हणत होता. आधीपासून हलत असणार.

१२ जानेवारी, रविवार

पहिली मॅच जिंकलो. शेवटच्या मिनिटाला पब्लिक जाळीवरून आत आलं. मी फक्त सोडवायला गेलो. सोडवताना तिघांना लागलं. एकाचा शर्ट माझ्या हातात राहिला, तो कुणाचा ते अजून कळलेलं नाही. पोलिसांनी माझ्या डाव्या पार्श्वभागावर एक काठी दिली. कुठल्या भागावर बसली ते लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

कार्ड : एकही नाही. रेफ्री आधीच पळाला होता.

१५ जानेवारी

येत्या रविवारी नवज्योत. सम्राटला मीच मार्क करणार.

आमच्या मनात त्याच्याबद्दल काहीही नाही. लग्नात कानपिळीच्या वेळी त्याने माझा कान असा पिळला की सत्यनारायणाला बसलो तरी लाल होता. बायकोच्या भावाने नवऱ्याचा कान धरायचा, शर्ट-पँट घ्यायची आणि बाजूला व्हायचं, एवढीच रीत. याने पिळा देऊन वर विचारलं, दाजी, दुखलं काय ओ? सगळा मांडव हसला. सहा वर्षं झाली त्याला. मी कधी मनात धरलं नाही.

उलट त्याला फुटबॉल शिकवला मी. पोरगा अनवाणी खेळायचा, तेव्हा माझे जुने बूट दिले. माझ्याच मापाचे पाय निघाले त्याचे. आता म्हणे राज्याच्या टीमची ट्रायल आहे त्याची, फेब्रुवारीत. बूट कुणाचे होते हे कुणी सांगत नाही.

१९ जानेवारी, रविवार



घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पहिल्या हाफला सम्राट बॉल घेऊन समोर आला. दाजी, पाय जवळ घ्या की, म्हणाला आणि बॉल माझ्या दोन पायांतनं काढून गेला. स्टेडियम हसलं. आमची बाजूसुद्धा. मी शांत. संकल्प.

दुसऱ्या हाफला पुन्हा तेच. या वेळी गॅलरीत सासरे उभे राहून टाळ्या वाजवताना दिसले. तरी शांत.

तिसऱ्या वेळी मी घसरून टॅकल केला. माझी नजर बॉलवर होती, आईशप्पथ. पण मी पोचेपर्यंत बॉल निघून गेला होता आणि तिथे सम्राटचा डावा पाय होता. ऊस कांड्यावर मोडावा तसा आवाज आला.

सम्राट ओरडला नाही. आपल्या पायाकडे बघत होता. पाय भलतीकडे वळला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, दाजी, ट्रायल हाय ओ माझी.

अशा वेळी माणूस काहीही बोलतो.

त्यानंतर रेड कार्ड, मग बाटल्या, मग खुर्च्या. मॅचआधी फोडायला आणलेल्या नारळांतला एक माझ्या डोक्यात फुटला. मीही दोघांना उचलून आपटलं, पण तोवर कार्ड मिळालेलं होतं, त्यामुळे संकल्पाच्या हिशेबात ते येत नाही.

२० जानेवारी

प्रियदर्शनी माहेरी गेली. भांडली नाही. नुसतं म्हणाली, सम्राट सरळ चालाया लागला की येतो मी. तवर न्हाय. बॅग भरली. कुकरपण नेला.

हाड सहा आठवड्यांत जुळतं. मार्चमध्ये येईल. कुकर नेण्याइतकं काही नव्हतं.

२२ जानेवारी

सम्राटला भेटायला दवाखान्यात गेलो. माणुसकी आहे. ऑपरेशन झालंय, हाडात सळई घातलीय. सोबत शहाळी नेली होती. सासूबाई, म्हणजे अंबूबाई, कॉटशेजारी बसल्या होत्या. या की जावईबापू, म्हणाल्या. बसा, म्हणाल्या. मी बसलो तसं माझ्याच पिशवीतलं शहाळं उचलून माझ्या कपाळावर मारलं.

तीन टाके. दवाखाना तिथेच असल्याने सोय झाली.

सम्राट तोंड भिंतीकडे करून पडला होता. झोप लागली असावी.

२५ जानेवारी

असोसिएशनकडून निरोप. २३ फेब्रुवारीला चौकशी. कमिटीचे अध्यक्ष विजयसिंह. आजन्म बंदी घालायची असं बोललं जातंय.

आजन्म! चौतिसाव्या वर्षी! ऐन उमेदीत! भिंतीला ठोसा मारला. भिंत नव्या विटांची निघाली. उजव्या हाताला पट्टी. डाव्या हाताने लिहितोय.

काहीतरी भक्कम मुद्दा पाहिजे. मी मुद्दाम मारलं नाही हे मला माहीत आहे. पण मग पाय तिथे गेला कसा? यालाही काहीतरी कारण असणारच.

२ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!!

तालमीत फिजिओथेरपीवाल्या मॅडम आल्या होत्या. नाव विद्याश्री, गडहिंग्लजकडच्या. हौशी फुटबॉलवाल्यांच्या पायांच्या लांबीत फरक असतो का, आणि त्यामुळे चाल बदलते का, यावर त्यांचा अभ्यास चाललाय. सगळ्या टीमला सतरंजीवर उताणं पाडून टेप लावत होत्या. मला बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजलं. उजवा एवढा, डावा एवढा. म्हणाल्या, डावा दीड सेंटिमीटर कमी भरतोय.

मी ताडकन उठून बसलो. थांबा, हे नुसतं वरवरचं माप हाय, अजून एक घ्यायचं हाय, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. पण मला हवं ते मिळालं होतं. पळत जाऊन पेढे आणले.

सगळं लख्ख झालं. डावा पाय आखूड. त्यामुळे टॅकलला पोचायला एक क्षण उशीर. तेवढ्यात बॉल जातो, माणूस मागे राहतो. दोष पायाचा. बारा वर्षांत जेवढी रेड कार्डं मिळाली ती सगळी त्या दीड सेंटिमीटरची. मी आजवर अपंगत्वावर मात करून खेळत होतो आणि मला ते ठाऊकही नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

संगमेश म्हणाला, त्याला कानाखाली मारली ती हाताने मारली होती. त्यालाही पाय जबाबदार आहे. तोल जातो.

३ फेब्रुवारी

सकाळी चप्पल लाईनला. माझ्या कोल्हापुरीला डाव्या तळाखाली दीड सेंटिमीटर चामड्याचे थर चढवून घेतले. चप्पलवाला विचारत होता, एकाच पायाला? म्हटलं, मेडिकल आहे. तसाच एक तुकडा बुटात घालायला.

चालून बघितलं. डावीकडून एकदम उंच वाटतं. कमरेत कळ येते. शरीर जुळवून घेतंय.

दुपारी स्वतःच्या दुकानात स्वतःसाठी फ्लेक्स छापला. वीस बाय दहा. माझा फोटो, शेजारी पायाचा फोटो, वर डरकाळी फोडणारा वाघ. मजकूर : डावा पाय आखूड, तरी काळीज अखंड! जखमी वाघावर अन्याय का? शुभेच्छुक : रणझुंजार तालीम. तालमीला विचारलं नाही, पण शुभेच्छा गृहीत धरायच्या असतात.

४ फेब्रुवारी

चौकात, दोन पेठांच्या मधोमध फ्लेक्स लावला. सासुरवाडीच्या गॅलरीतून दिसेल असा. प्रियदर्शनीला कळेल की नवरा आजारी आहे.

५ फेब्रुवारी

फ्लेक्स फाडला. नुसता डावा पाय कापून नेला. नवज्योतची पोरं.

मी एकटा गेलो. ते अकरा होते, फुटबॉलवाले, म्हणून आकडा चुकायला वाव नाही. एकाला गटारात घातला, एकाच्या गळ्यात फ्लेक्सची चौकट अडकवली. मग त्यांनी मला गटारात घातलं. बाहेर यायला वेळ लागला, कारण डावा पाय.

संकल्प मोडलेला नाही. संकल्प ग्राउंडपुरता होता.

९ फेब्रुवारी, रविवार

विद्याश्री मॅडम पुन्हा आल्या. आज चालीचा अभ्यास. तालमीच्या अंगणात लांबलचक पांढरा कागद अंथरला, त्याच्या सुरुवातीला परातीत निळा रंग. पाय रंगात बुडवायचा आणि कागदावरून चालत जायचं. अट एकच, रोज चालता तसं चाला.

हीच अट कुणाला जमेना. बघणारे असले की कोल्हापूरचा माणूस रोजच्यासारखा कसा चालणार? पहिल्यांदा संगमेश गेला, छाती काढून, दोन्ही बगलांत नारळ धरल्यासारखे हात, पावलं ही एवढी फाकलेली. त्याचं बघून पुढचा आणखी फाकला. शिवकुमार सर कडेला उभे राहून ओरडत होते, वाघागत चाला रं, तालमीचं नाव हाय! मॅडम म्हणाल्या, वाघ नको, माणसागत चाला. सर म्हणाले, हेच आमचं माणसागत. मॅडमनी कपाळाला हात लावला. सगळ्यांचे ठसे बदकाचे आले.

माझी पाळी आली. मी मेडिकल असल्यामुळे लंगडत जायचं ठरवलं होतं. दोन पावलं गेलो आणि फाटक उघडून सासूबाई आल्या. हातात कपडे धुवायचं धोपाटणं. फ्लेक्स वाचून आल्या होत्या. आखूड पाय व्हय जावईबापू, या हिकडं, दुसराबी मापात करतो, म्हणाल्या.

मी पळालो. पहिला तडाखा पाठीत बसला, दुसरा परातीला बसला, निळा रंग सगळीकडे. तिसरा सरांना लागला, ते मध्ये आले नव्हते, नुसते उभे होते. मी कागदावरून गेलो आणि तालमीची भिंत चढून पलीकडे उडी मारली.

घरी येऊन तीनदा आंघोळ केली. पाय अजून निळेच आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रॅक्टिसमध्ये बुटात तुकडा घालून खेळलो. पहिल्याच टॅकलला आपल्याच सेंटर हाफला आडवा केला. दुसऱ्याला सरांना. सर म्हणाले, तू ग्राउंडवर यू नको बाबा, चौकशी हुईस्तवर घरात बस. माझ्या प्रकृतीची काळजी वाटते त्यांना.

घरात बसलो. भात करपला. भांडं आपटलं. दुसरं भांडंही आपटलं. कुकर असता तर हे झालं नसतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौकशी.

इस्त्रीचा शर्ट, उंच चप्पल घालून निघालो. त्या चपलेने आता खरंच लंगडायला होतं. असोसिएशनच्या ऑफिसबाहेर नवज्योतची सगळी पोरं उभी होती. आणि मधोमध कुबड्या घेऊन सम्राट. मी लंगडत आलेला बघून त्यांना वाटलं मी सम्राटची नक्कल करतोय. गैरसमजातून मारामारी होते ती अशी. दाराशीच मला खाली घेतलं. शर्टाची बटणं गेली, एक भुवई फुटली. मी एकाच्या पोटरीला चावलो, कारण तेवढंच समोर होतं. सम्राटने सोडवलं. जाऊ द्या, दाजी हायत, म्हणाला. कुबडी मध्ये घातली त्याने.

आत गेलो. विजयसिंह साहेबांना उभं राहून सगळं सांगितलं, दीड सेंटिमीटर, उशीर, बॉल जातो, माणूस राहतो. साक्षीला विद्याश्री मॅडमना मीच बोलावलं होतं.

मॅडम म्हणाल्या, बेंबीपासून मोजलं की कमी भरतो, खरं आहे. पण कमरेच्या हाडापासून मोजायला हवं, ते माप द्यायला हे थांबलेच नाहीत. थांबले नाहीत तरी त्यांच्या पायांनी दिलं. आणि पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून भिंतीवर टांगली. सासूबाई मागे लागल्यावरचे माझे निळे ठसे. एका रेषेत. डावा, उजवा, डावा, उजवा, सगळी अंतरं सारखी. मॅडम म्हणाल्या, सबंध अभ्यासात एवढी सरळ चाल दुसऱ्या कुणाची आली नाही.

कमिटीतले दोघं रुमालात तोंड घालून हसत होते.

मग साहेबांनी तिथेच टेबलावर झोपवून दुसरं माप घ्यायला लावलं. दोन्ही पाय सारखे. मॅडम म्हणाल्या, हे रोज संध्याकाळी कट्ट्यावर डावा पाय वर घेऊन बसतात, त्याने कंबर एका बाजूला ओढली गेलीय. हाडाला काही झालेलं नाही. सवय आहे.

मी टेबलावरून उठलो. टेबल उलटलं. आपोआप उलटलं. त्यावर जाड काच होती, ती साहेबांच्या पायावर पडली.

निकाल : तीन वर्षं बंदी. दोन वर्षं ठरली होती, एक टेबलाचं.

२४ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. आजन्म म्हणत होते, तीनच वर्षं मिळाली. म्हणजे केस जिंकलो. सदतिसाव्या वर्षी परत येईन. स्टॉपर उशिरा पिकतो.

मॅडमच्या टेपवर माझा विश्वास राहिलेला नाही. जी टेप एकदा आखूड दाखवते आणि एकदा सारखं, ती टेप काय कामाची? चप्पल घालणं सोडणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

सम्राटची ट्रायल काल होती म्हणे.

१६ मार्च, रविवार

प्रेक्षक म्हणून मॅच बघायला गेलो. प्रेक्षकांवर बंदी नाही. शेजारचा माणूस म्हणाला, पावणं, आज रणझुंजारची अकरा जणं शेवटपर्यंत हायत, काय भानगड हाय? त्याला गॅलरीच्या दोन पायऱ्या खाली पाठवलं. पोलिसांनी मला सगळ्या पायऱ्या खाली पाठवलं.

टीम जिंकली. माझ्याशिवाय. कसं जिंकली याची चौकशी व्हायला हवी.

कंबर फार दुखते. मार्च आहे. प्रियदर्शनी अजून आली नाही. हाड सहा आठवड्यांत जुळतं.

१३ एप्रिल, रविवार

बातमी! सम्राटने कुबड्या सोडल्या! संगमेशने स्वतः बघितलं, गल्लीत चालत होता. कसा चालत होता विचारलं तर संगमेश म्हणाला, चालतोय की. आणि विषय बदलला. त्याला एक लगावली, आनंदाने.

घर झाडलं. जाळ्या काढल्या. नवा कुकर आणला, पाच लिटरचा. जुना ती घेऊन येईल तेव्हा दोन होतील. असू देत.

२० एप्रिल, रविवार

आली नाही. फोन केला. म्हणाली, सांगितलंय की, सरळ चालू दे. म्हटलं, चालतोय की. मग म्हणाली, येऊन बघा एकदा. आणि फोन ठेवला.

कुकरमध्ये भात लावला. शिट्टी नीट होते. एकट्याला पाच लिटर मोठा पडतो.

२७ एप्रिल, रविवार

चौकात विद्याश्री मॅडम भेटल्या. सम्राटचा व्यायाम त्याच घेतात. थांबून म्हणाल्या, तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगते. हाड जुळलं, पण थोडं एकात एक बसून जुळलं. सम्राटचा डावा पाय कमी भरतोय. दीड सेंटिमीटर. हे कमरेच्या हाडापासूनचं माप हाय.

मी हसलोच. दीड सेंटिमीटर! डावा! त्यांच्या टेपवर दुसरा आकडाच नाही वाटतं. म्हटलं, मॅडम, माझाही डावा दीड कमी होता, तीन आठवड्यांत भरून आला. त्याला पण धोपाटणं दाखवा, सरळ पळेल.

मॅडम हसल्या नाहीत. गेल्या.

रागाने विजेच्या खांबाला लाथ मारली. उजव्या पायाने. अंगठा सुजलाय.

टेप खोटी आहे. मी स्वतः जाऊन बघणार. तिथल्या तिथे सिद्ध करणार आणि बायकोला घेऊन येणार.

४ मे, रविवार

दुपारी गेलो. रिक्षाने, कारण बॅग आणायची होती. रिक्षा थांबवून ठेवली.

सासूबाई दारात होत्या. मी डोक्यावर हात धरले. त्यांनी काही मारलं नाही. बसा, म्हणाल्या नुसतं. ते जास्त अवघड गेलं. मारलं असतं तर काय करायचं ते मला येतं.

सम्राट बाहेर आला. बारीक झालाय. म्हटलं, चालून दाखव रं. तो गल्लीच्या कोपऱ्यातल्या गणपतीपर्यंत गेला आणि परत आला. दर पावलाला डावीकडे खचत होता. म्हटलं, गल्लीला उतार आहे. तो म्हणाला, व्हय दाजी, उतार हाय. मग दुसऱ्या बाजूने चालला. तिकडेही डावीकडेच खचला.

मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. ही कसली ओ चप्पल, दाजी? बघू. मी काढून दिली. त्याने पायात घातली. डावा उंच, उजवा साधा. उभा राहिला, थोडा थांबला आणि गणपतीपर्यंत गेला. सरळ. अगदी सरळ. विंगवरून यायचा तसा. परत येताना हसत होता. मापात हायत ओ, म्हणाला. तुमची बूटं बी मापात असायची.

मी ओरडलोच. प्रियदर्शनी, आण बॅग! सरळ चालतोय बघ! रिक्षा थांबलीय!

ती दारात आली. त्याच्याकडे बघितलं, मग खाली चपलेकडे. म्हणाली, सम्राट, चप्पल काढ. त्याने काढली. चाल, म्हणाली. तो चालला. गणपतीपर्यंत गेला, परत आला. ती सगळा वेळ त्याच्या कमरेकडे बघत होती. मग आत गेली. दार आपटलं नाही. हळू लावलं.

सम्राट चप्पल हातात धरून माझ्यापुढे आला. म्हटलं, ठेव तुला. नको नको म्हणाला. मग घातली.

रिक्षावाला कंटाळून निघून गेला होता. घरापर्यंत चालत आलो, अनवाणी. डांबर तापलं होतं. सबंध रस्ता दोन्ही पाय सारखेच भाजत होते.